तिसऱ्या घंटेआधी : संगीत नाटकाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीला राहतो, नोकरी परळला. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ सिनेमा पाहिला, गाणी डोक्यातून जाईनात, म्हणून मूळ नाटक शोधायला लागलो. मग ‘मत्स्यगंधा’, ‘सौभद्र’, मिळेल ते ऐकत आणि पाहत गेलो. आता दोन गोष्टी छळतात. ऑफिसातले मित्र म्हणतात, हा तर आजोबांच्या वयाचा छंद. आणि नाट्यगृहात चढलेला उत्साह दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये पार उतरतो. तीच गाडी, तीच गर्दी, तेच चेहरे. आजूबाजूला नाटकासारखं काहीच नसतं. ही आवड टिकवायची कशी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्रांचं आधी बघू, कारण ते लवकर आटपेल. १९११ साली ‘मानापमान’ रंगभूमीवर आलं तेव्हा नायिका भामिनी करणारे बालगंधर्व २२ वर्षांचे होते. दहा वर्षांनी दोन नाटक कंपन्यांचं मिळून ‘संयुक्त मानापमान’ झालं, त्यात नायक धैर्यधर झालेले केशवराव भोसले ३० वर्षांचे होते. हा तरुणांनी तरुणांसाठी उभा केलेला प्रकार आहे. मित्रांना एवढं सांगा आणि पुढच्या प्रयोगाला त्यांच्यातल्या एकाला सोबत न्या.

आता दुसरं. ‘आजूबाजूला नाटकासारखं काहीच नसतं’ हे तुमचं वाक्य मला मुळीच पटलं नाही. संगीत नाटकातलं संगीत आलं कुठून, हे जरा बघा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ उभं केलं. विषय कालिदासाचा, पण चाली? साकी, दिंडी, ओवी, कामदा. जात्यावर, देवळात, कीर्तनात लोकांच्या रोज कानांवर पडणाऱ्या. दुष्यंत राजा गायला लागला तेव्हा समोर बसलेल्या माणसाला ती चाल घरातून ठाऊक होती. म्हणून तर ते नाटक पहिल्याच प्रयोगापासून लोकांना आपलं वाटलं.

पुढेही तेच. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी १८९६ च्या ‘वीरतनय’मध्ये पारशी आणि गुजराती रंगभूमीवरच्या चाली उचलल्या. ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या उत्तरेकडच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या. ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाची भारदस्त चीज आणली. ‘एकच प्याला’तल्या सिंधूची पदं सजवताना सुंदराबाई जाधवांच्या गाण्यातल्या चाली आल्या. आणि ‘मत्स्यगंधा’चे संगीतकार जितेंद्र अभिषेकी, त्यांचं बालपण गोव्यात मंगेशीला, कीर्तनकार वडिलांच्या मागे उभं राहून गेलेलं. ‘मत्स्यगंधा’ची पदं ऐकताना मला ते देऊळ दिसतं. यातला प्रत्येक माणूस गल्लीतून, देवळातून, दुसऱ्याच्या बैठकीतून जाताना कान उघडे ठेवून चालला, म्हणून आपल्याला हे संगीत मिळालं. तुम्ही ज्याच्यावर जीव टाकलाय तेच मुळात रोजच्या रस्त्यावरून उचललेलं आहे.

तेव्हा लोकलपासूनच सुरुवात करा. मध्य रेल्वेवर सकाळच्या गाड्यांत भजनी मंडळं असतात. टाळ, डब्याच्या पत्र्यावर बोटांनी धरलेला ठेका आणि एक खणखणीत आवाज. तुमच्या गाडीत कोणत्या डब्यात बसतात ते विचारून काढा आणि एकदा त्या डब्यात चढा. अभंगाचं ध्रुवपद कोण उचलतो, मागचे कधी झेलतात, ठाणं जवळ आलं की लय कशी वाढते, हे नीट ऐका. नाटकाच्या शेवटी सगळे पात्र मिळून भरतवाक्य म्हणतात त्याची उभारणी याच धर्तीची असते.

गाडीचा ठेकाही ऐका. पूर्वी रुळांच्या प्रत्येक सांध्यावर चाकं वाजायची. आता रूळ लांबच्या लांब वेल्ड केलेले असतात, त्यामुळे तो आवाज मुख्यतः गाडी रूळ बदलते तिथेच येतो. शेजारच्या दोन डब्यांची टोकाची चाकं लागोपाठ जातात : टक-टक, टक-टक, मग उसंत, मग पुन्हा चार. गाडीचा वेग वाढला की ही उसंत आक्रसते. त्याच्यावर मनात ‘सौभद्र’मधलं एखादं पद धरून पाहा. कुठलं बसतं आणि कुठलं बसत नाही, याचा शोध परळ येईपर्यंत पुरतो. माझा स्वतःचा हा फार जुना नाद आहे. मी गिरगावच्या वाडीत वाढले. तिथे कापूस पिंजणाऱ्या पिंजाऱ्याच्या तातीचा झंकार आला की वडील विचारायचे, ‘सूर कुठला?’ उत्तर बरोबर असो नसो, पिंजारी वाडीतून बाहेर पडेपर्यंत आम्ही भावंडं त्या सुराला धरून गुणगुणायचो. पुढे मी शाळेत संगीत शिकवलं, हौशी मंडळींच्या नाटकांना ऑर्गनची साथ केली. पण कानाचा पहिला अभ्यास झाला तो वाडीतच.

फेरीवाल्यांकडेही असंच लक्ष द्या. शेवटचं अक्षर कोण लांबवतो, कोण तोडतो, गर्दी असताना आवाज कुठे टाकतो. गायकनटाला हेच लागतं, शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायचा असतो. ध्वनिक्षेपक येण्याआधी सगळं नाटक याच्यावर उभं होतं. फेब्रुवारी सरताना परळच्या एखाद्या जुन्या झाडावर कोकीळ बोलायला लागेल. तो दर हाकेला सूर थोडा चढवत नेतो आणि एकदम थांबतो. त्याच सुमाराला तांबट पक्षी ‘टुक टुक’ करत एकच सूर, एकाच लयीत, कितीतरी वेळ धरून ठेवतो. हे दोन्ही एकाच दुपारी ऐकायला मिळाले तर ऑफिसच्या खिडकीतून हलू नका.

एक गंमत तुमच्या रोजच्या मार्गावरची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली. त्याच वर्षी, महिनाभर आधी, सांगलीचे विष्णुदास भावे आपली नाटक मंडळी घेऊन मुंबईत खेळ करत होते. ग्रँट रोडला जगन्नाथ शंकरशेटांच्या जागेवर १८४६ मध्ये नाट्यगृह उभं राहिलं होतं, तिथे त्यांचे प्रयोग झाले. मुंबईत रेल्वे आणि मराठी नाटक हातात हात घालून आले. ठाणं आलं की हे एकदा आठवा, आणि शेजारी बसलेल्याला सांगा. सांगितल्यानं आवड वाढते, असा माझा अनुभव आहे.

प्रश्न : लग्न होऊन आले तेव्हापासून गिरगावात खाडिलकर रोडला राहते. आमच्या घराचा पत्ता मी हजार वेळा लिहिला असेल. परवा नातवानं विचारलं, आजी, हे खाडिलकर कोण? मला नीट सांगता आलं नाही. तुम्ही सांगाल?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : नातवाला माझ्याकडून शाबासकी द्या. हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, काकासाहेब. जन्म १८७२, सांगलीचे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, ‘केसरी’त लिहीत, संपादकही झाले. पुढे १९२३ मध्ये मुंबईत त्यांनी ‘नवाकाळ’ दैनिक काढलं, त्यातल्या लेखनासाठी तुरुंगातही गेले. ‘नवाकाळ’चं कार्यालय तुमच्याच रस्त्याला आहे, तुम्ही त्यावरून भाजी आणायला जात असाल.

हेच काकासाहेब ‘कीचकवध’चे लेखक. पौराणिक गोष्टीआडून व्हाइसरॉय कर्झनच्या कारभारावर रोख होता, म्हणून सरकारनं १९१० मध्ये त्या नाटकावर बंदी घातली. आणि संगीत नाटकांत ‘मानापमान’, ‘स्वयंवर’ त्यांचीच. राजकारणात एवढा बुडालेला माणूस ‘नाथ हा माझा’सारखं पद लिहितो, याचं मला लहानपणापासून नवल वाटत आलंय.

नातवाला घेऊन एक संध्याकाळ बाहेर पडा. ‘मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ ला ग्रँट रोडच्या रिपन थिएटरात झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली होती. तरीही प्रयोग त्यांनी पार पाडला. आणि ८ जुलै १९२१ ला, त्याच भागातल्या बालीवाला थिएटरात, ‘संयुक्त मानापमान’ झालं : ललितकलादर्शचे केशवराव भोसले आणि गंधर्व मंडळीचे बालगंधर्व, दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, एकाच रंगमंचावर. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. लोकांनी त्या दोघांना एकत्र ऐकलं ते अगदी वेळेवर.

तुमच्या घरापासून ग्रँट रोड म्हणजे रमतगमत पाऊण तास. वाटेत दुकानांच्या पाट्यांवर, चाळींच्या कमानींवर कोरलेली वर्षं वाचायला नातवाला सांगा. १९११ च्या आधीचं वर्ष दिसलं की थांबायचं. ‘मानापमान’ लागलं तेव्हा ही इमारत उभी होती, आणि इथला कुणीतरी त्या रात्री प्रयोगाला गेला असेल, एवढं त्याला सांगितलंत की बाकीचं तो स्वतः विचारील. येताना साहित्य संघ मंदिरात डोकवा. फलकावर काय लागलंय ते बघून या.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीला पहिलं संगीत नाटक कोणतं दाखवू?
— एक आई, मुलुंड

उत्तर : ‘संशयकल्लोळ’. गोविंद बल्लाळ देवलांचं, १९१६ सालचं, मूळ मोलियेरच्या फ्रेंच प्रहसनावरून आलेलं. गैरसमजांचा असा गुंता की मुलं हसून लोळतात. आणि जाण्याआधी तिला एक काम द्या. यातल्या पात्रांची नावं फाल्गुनराव, अश्विनशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती अशी आहेत. महिने किती आणि नक्षत्रं किती, हे घरातलं कॅलेंडर घेऊन तिनं शोधायचं. पहिल्या अंकातच ती तुम्हाला कोपराने ढोसून सांगायला लागेल. मागे बसलेल्यांनी तेवढं चालवून घ्यावं.

प्रश्न : मी पार्ल्याला कॉलेजात आहे. मला ब्रॉडवे म्युझिकल्सचं वेड आहे. २०२३ मध्ये बीकेसीत ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आलं तेव्हा पैसे साठवून गेले होते. घरी आजी दिवसभर नाट्यगीतं लावते आणि म्हणते, तुमच्या त्या नाचगाण्यात राग तरी असतो का? मला दोन्ही आवडायला लागलंय, पण आजीला काय उत्तर देऊ? आणि ही दोन सारखी आहेत की वेगळी?
— एक विद्यार्थिनी, विलेपार्ले

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं, इतकं ते मला आवडलं.

आधी वेगळं काय ते बघ. म्युझिकलमध्ये स्वरलिपी लिहिलेली असते, वाद्यवृंद आणि त्याचा संचालक ठरलेल्या मापात चालतात, आणि गाणं दर प्रयोगाला जवळजवळ तेवढ्याच वेळात संपतं. आपल्याकडे पद हे बीज. गायक त्याचा त्या रात्री जसा जीव लागेल तसा विस्तार करतो आणि ऑर्गन-तबला त्याच्या मागून जातात. मी साथीला बसायचे तेव्हा नजर गायकाच्या गळ्याकडे आणि खांद्यांकडे असायची, तान कुठे वळणार ते तिथे आधी कळतं. म्युझिकलमध्ये समूह नाचतो, गातो, नेपथ्य हलतं. संगीत नाटकात बहुतेक वेळा एक माणूस उभा राहतो आणि गातो. त्यामुळे आजीला रागाची सवय आणि तुला वेगाची.

सारखं काय? बोलणं अपुरं पडलं की गाणं सुरू होतं, ही जागा ओळखणारा माणूस दोन्हीकडे लागतो. १९४३ चं ‘ओक्लाहोमा!’ तू ऐकलं असशील. त्या काळी पडदा वर गेला की नटलेला समूह नाचत येणार, असा रिवाज होता. इथे पडदा वर जातो तेव्हा एक बाई अंगणात लोणी घुसळत बसलेली असते आणि एक गुराखी आतून, एकटाच, सकाळ किती सुंदर आहे असं गात येतो. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी तिथे म्युझिकलची दिशा बदलली, असं मानतात, आणि ते घडलं लोणी घुसळणाऱ्या बाईसमोर. आता २०१७ चं ‘संगीत देवबाभळी’ आठव. मंचावर दोन बायका. तुकोबांची आवली, पायात काटा रुतलेली, आणि तिची सेवा करायला आलेली रखुमाई. चूल, भांडी, घरातली कामं, आणि त्यातूनच ओवी-अभंगाच्या अंगानं वर येणारं गाणं. प्राजक्त देशमुखांचं हे नाटक बघताना मला त्या लोणी घुसळणाऱ्या बाईची आठवण झाली होती. दोन खंड, मध्ये पाऊणशे वर्षं, आणि दोन्हीकडे गाणं सुरू होतं ते घरकामाशेजारी.

आजीला ‘माय फेअर लेडी’ लावून दे. १९५६ चं, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकावरून केलेलं. लंडनच्या फुलबाजारात उभा राहून एक प्राध्यापक येणाऱ्या-जाणाऱ्यांची बोली वहीत टिपतोय, तिथून सगळं सुरू होतं. आजीनं पु. लं.ची ‘ती फुलराणी’ नक्की पाहिली असणार, तीही ‘पिग्मॅलियन’वरूनच. भक्ती बर्व्यांचं नाव काढ, पुढचा तासभर तुला काही बोलावं लागणार नाही. मग तिला विचार, पार्ल्याच्या बाजारात तिच्या लहानपणी कोण काय ओरडत यायचं. तिच्याकडून ते वहीत लिहून घे, शक्य तर स्वरांसकट. असले आवाज कुणी टिपून ठेवले नाहीत तर जातात, आणि म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

तुझ्या कॉलेजच्या स्पर्धेसाठी एक सुचवू? ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये ‘स्टॉम्प’ नावाचा प्रयोग निघाला. झाडू, कचऱ्याच्या डब्यांची झाकणं, काड्यापेट्या एवढ्यावर सगळा ताल. पार्ले स्टेशनबाहेरच्या आवाजांवर तुम्ही मुलं एक नांदी, म्हणजे नाटकाच्या सुरुवातीचं गाणं, बसवा. शेवट मात्र ‘पंचतुंड नररुंडमालधर’वर करा. ‘शाकुंतल’ची ही नांदी पाठ म्हणणारी पिढी अजून सभागृहात बसलेली असते, ती तुमच्याबरोबर गाईल.

प्रश्न : स्पष्ट लिहितो. गायक पद लांबवत राहतो, कथा तिथेच उभी, मागचे पात्र ताटकळत. संगीत नाटक याच कारणानं मागे पडलं असं मला वाटतं.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. प्रसंगाचा विसर पडेल इतकं गाणं मलाही खटकतं. अभिषेकींनी साठच्या दशकात पदं आटोपशीर केली, मुखडा लगेच मनात ठसेल आणि प्रसंग पुढे सरकेल अशी बांधली, आणि त्यामुळे संगीत नाटकाला नवे श्रोते मिळाले.

पण ‘ताटकळत’ उभ्या असलेल्या पात्राकडे तुम्ही कधी नीट पाहिलंत का? पुढच्या प्रयोगात एक करा. गाणाऱ्याकडे कान द्या आणि डोळे ऐकणाऱ्या पात्रावर ठेवा. चांगला नट ते पद पहिल्यांदाच ऐकत असतो. एखाद्या शब्दावर त्याची मान वळते, हात पदराशी किंवा उपरण्याशी जातो, पद संपताना तो बदललेला असतो. कथा तिथे चाललेली असते. वाईट नट मात्र प्रेक्षकांत ओळखीचं कोण आलंय ते बघतो, तेव्हा तुमची तक्रार शंभर टक्के बरोबर.

मागे पडलं म्हणता, तर राज्य नाट्य स्पर्धेतल्या संगीत नाटकांना जा. तिकीट नाममात्र असतं. नोकरीधंदा सांभाळून, तालमीला रात्री जमणारी माणसं तिथे नवी नाटकं घेऊन उतरतात. सगळी चांगली असतात असं नाही. पण कुठल्या तरी तालुक्याच्या गावची एखादी मुलगी अशी काही आलापी घेऊन जाते की परतीच्या गाडीत दुसरं काही सुचत नाही.

प्रश्न : वय ५८. हार्मोनिअम थोडी येते. ऑर्गन शिकता येईल का? आणि प्रयोगाला गेल्यावर साथीदारांचं काय बघावं?
— एक वाचक, दादर

उत्तर : येईल. पेटीत एक हात भात्यावर अडकतो, ऑर्गनमध्ये हवा पायांनी घ्यायची असते, त्यामुळे दोन्ही हात मोकळे. उजव्या हातानं गायकाला धरायचं, डाव्यानं खर्जाचा भरणा. अवघड जातात ते पाय. गायक ताल सोडून आलापीत गेला तरी पायांची चाल एकसारखी राहिली पाहिजे, नाहीतर आवाज हेलकावे खातो. म्हणून आधी काही दिवस एकच सूर धरा आणि फक्त पाय चालवा. कंटाळा येईल, तरी करा.

प्रयोगाला अर्धा तास आधी जा. शिवाजी मंदिर तुम्हाला जवळ आहे. पहिल्या घंटेच्या आधी पडद्यामागून तबला लावल्याचा आवाज येतो. पेटी आणि ऑर्गनचे सूर ठरलेले, ते हलत नाहीत, तेव्हा तबल्याला हातोडी मारून त्यांच्यापर्यंत यावं लागतं. पुरुष गायक असेल तर बहुधा पेटीची काळी एक-दोन, बाई असेल तर काळी चार-पाच. हातोडीचे ठोके ऐकत आज पट्टी कुठली ते ओळखा, आणि नांदी सुरू झाली की पडताळून पाहा. शिकवण्या घेणारे वादक गाठायचे असतील तर तेही तिथेच भेटतील : मध्यंतरात चहाच्या स्टॉलपाशी, किंवा प्रयोग संपल्यावर वाद्यं टेम्पोत चढवताना. ऑर्गन जड असतो. आधी एक बाजू उचलू लागा, मग शिकवणीचं विचारा.